चांगले भाग बसवले आणि ब्रेक-गिअर दोन्ही बिघडले. नक्की कुठे चुकलं?

रानवाट

मंडळी, आधी माझी अडचण मांडते. मग ज्यांना आपापल्या ब्रेक-गिअरच्या तक्रारी लिहायच्या असतील त्यांनी इथेच लिहा, म्हणजे पुढे शोधणाऱ्याला सगळं एका जागी सापडेल.

सायकल जुनी आहे. स्टीलची फ्रेम, ड्रॉप बार (खाली वळलेलं हँडल), ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असलेले रोडचे शिफ्टर, मागे ९ गिअर. मूळचे ब्रेक कँटिलिव्हर, म्हणजे रिमच्या दोन बाजूंच्या भुजा वरून आडव्या वायरने ओढणारे. लांबच्या उतारावर सायकल मनासारखी थांबत नाही, असं बरेच दिवस वाटत होतं. सामान लादून चढ चढायला मागे मोठी कॅसेटही (दातेरी चकत्यांचा संच) हवी होती. म्हणून दोन बदल केले. ओळखीच्या एकाच्या सरळ हँडलवाल्या सायकलचे व्ही-ब्रेक फार छान लागतात, म्हणून कँटिलिव्हर काढून पूर्ण मापाचे व्ही-ब्रेक बसवले. मागचा डिरेलर काढून माउंटन बाइकचा १० गिअरचा, लांब पिंजऱ्याचा (दोन पुल्या धरणारा भाग लांब असलेला) नवा डिरेलर बसवला. मागे ९ च गिअर आहेत, पण डिरेलर काय, चेन सरकवण्याशी मतलब, असा माझा समज.

आता ब्रेकचा लिव्हर जवळजवळ हँडलला टेकतो तेव्हा कुठे पकड येते. बोटाला ओला स्पंज दाबल्यासारखं लागतं. पॅड रिमच्या अगदी जवळ आणले तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण चाक जरासं डुललं की घासायला लागतं. गिअरची तर दशाच झाली आहे. मधला एक गिअर गप्प चालतो, शेजारच्या दोन्हीवर चेन खरखरते आणि त्याच्यापलीकडे क्लिक एकीकडे, चेन दुसरीकडे.

दोन्ही भाग नवे आणि नावाजलेले आहेत. जुने होते तेव्हा निदान चालत तरी होतं. काय चुकतंय?

चढणवेडी

वाचतेय, मलाही यातलं बरंच हवं आहे.

केबलचा ताण बघितलास का? डिरेलरच्या मागच्या ॲडजस्टरला अर्धा-पाव फेरा देऊन बघ. चेन मोठ्या दात्याकडे (कॅसेटच्या मोठ्या चकतीकडे) जायला कुरकुरत असेल तर ॲडजस्टर उलटा फिरवायचा (केबल ताणली जाते), लहान दात्याकडे जायला कुरकुरत असेल तर आवळायचा.

रानवाट

केलं. दोन संध्याकाळी तेच करत होते. मोठ्या दात्यांकडे जुळवलं की लहानांकडे बिघडतं, लहानांकडे जुळवलं की मोठे दोन दाते हाती लागतच नाहीत. एच आणि एल स्क्रूही (डिरेलर दोन्ही टोकांना कुठे थांबेल ते ठरवणारे) तपासले, ते बरोबर आहेत.

गणिती

तुमच्या या शेवटच्या प्रतिसादातच उत्तर आहे. ताण चुकला तर सगळे गिअर सारखेच चुकतात. एक गिअर बरोबर आणि त्याच्यापासून जितकं लांब जावं तितकी चूक वाढत गेली, तर शिफ्टर आणि डिरेलर यांची भाषाच वेगळी आहे असं समजावं.

आकडे मांडून दाखवतो. ९ गिअरचा शिमानोचा रोड शिफ्टर एका क्लिकला साधारण २.५ मिमी केबल ओढतो. शिमानोच्या जुन्या पठडीतला डिरेलर केबल जेवढी ओढली जाईल त्याच्या १.७ पट आडवा सरकतो. म्हणजे २.५ × १.७, साधारण ४.२५ मिमी. ९ गिअरच्या कॅसेटवर एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचं अंतर ४.३५ मिमीच्या आसपास असतं. उरलेला एक दशांश मिमी वरच्या पुलीला आडवी जी थोडी ढिलाई मुद्दाम ठेवलेली असते, ती सांभाळून घेते.

माउंटन बाइकच्या १० गिअरला शिमानोने हे प्रमाण बदललं. तिथे डिरेलर साधारण १.२ पटच सरकतो आणि त्याची भरपाई म्हणून त्याचा शिफ्टर केबल जास्त ओढतो. तुमचा शिफ्टर मात्र २.५ च ओढतोय. २.५ × १.२ म्हणजे ३ मिमी. दर क्लिकला १.३५ मिमी कमी पडतात. तीन क्लिकमध्ये ४ मिमी, म्हणजे जवळपास आख्खा एक दाता गेला. आठ क्लिकमध्ये १०.८ मिमी, म्हणजे अडीच दाते. मोठे दोन दाते हाती का लागत नाहीत ते यातून दिसेल.

डिरेलर उत्तम आहे, तुमच्या शिफ्टरचा नाही एवढंच. शिमानोचाच माउंटन बाइकचा ९ गिअरचा लांब पिंजऱ्याचा डिरेलर बघा. तो १.७ च्या घरातला आहे आणि मोठी कॅसेट पेलतो. रोडच्या जुन्या १० गिअरच्या शिफ्टरबरोबरही तो चालतो. अपवाद शिमानोच्याच टियाग्रा ४७०० या रोड सेटचा. गिअर १० च, पण ओढ ११ गिअरवाल्या रोड सेटसारखी. त्यामुळे "१० गिअर" एवढंच वाचून भाग घेणारे तिथे हमखास फसतात.

रानवाट

गणिती, हे वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला. खोक्यावर "१० गिअर" वाचलं आणि ९ ला पुरून उरेल असं धरून चालले. आणि ब्रेकचं?

हातोडी

ब्रेकचीही तीच गोष्ट आहे, रानवाट. फक्त तिथे क्लिक नसल्यामुळे पटकन कळत नाही.

व्ही-ब्रेकच्या भुजा लांब असतात, १०० मिमीच्या पुढे. पॅड रिमला टेकवायला केबल जास्त ओढावी लागते. म्हणून शिमानोने १९९६ च्या सुमारास व्ही-ब्रेक आणले तेव्हा बरोबर वेगळे लिव्हरही आणले. ते कँटिलिव्हर किंवा कॅलिपरच्या (रोड सायकलचा चिमट्यासारखा ब्रेक) लिव्हरपेक्षा जवळजवळ दुप्पट केबल ओढतात. तुझे ड्रॉप बारचे लिव्हर कमी ओढीचे. त्यामुळे लिव्हर हँडलपर्यंत येतो तरी पॅड जेमतेम रिमला लागलेले असतात. त्यातून जी पकड येते ती तशी जोरकस असते, पण बोटाला चालच उरत नाही. पावसात केबल थोडी सरकली किंवा पॅड झिजले, की लिव्हर हँडलला टेकेल आणि सायकल चालतच राहील. उतारावर अशी सायकल नेऊ नकोस, हे आधी सांगतो. बाकीचं सावकाश.

पर्याय तीन आहेत. एक, आखूड भुजांचे मिनी-व्ही बसवायचे. ते ८०-९० मिमीचे असतात, तुझ्या लिव्हरांशी बऱ्यापैकी जुळतात. पण पॅड रिमच्या फार जवळ ठेवावे लागतात, चाक अगदी सरळ लागतं आणि जाड टायरवर मडगार्ड बसवायला जागा उरत नाही. दोन, केबलच्या वाटेत ओढ वाढवणारी छोटी दुहेरी पुली टाकायची. चालते, पण घर्षण वाढतं आणि केबल तिथे लवकर तुटते, म्हणून मला ती आवडत नाही. तीन, जुने कँटिलिव्हर परत लाव. पॅड चांगले घाल, आउटर (केबलभोवतीची नळी) बदल आणि दोन भुजांना जोडणारी आडवी वायर योग्य उंचीवर बांध. माझं मत तिसऱ्याला. तुझे कँटिलिव्हर वाईट नसणार, बहुधा ती आडवी वायर फार उंच बांधलेली असेल.

रानवाट

काका, आडवी वायर उंच म्हणजे नक्की किती? माझी हँडलच्या खाली थोड्याच अंतरावर होती, हे खरं. तशी बांधली की लिव्हर मस्त कडक लागायचा, म्हणून मीच वर घेतली होती.

हातोडी

इथेच जवळपास प्रत्येक जण चुकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लिव्हर कडक लागणं आणि ब्रेक जोरात लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याचदा तर उलटच असतं. तरफेचा साधा नियम आहे: चाल कमी केलीस तर जोर कमी होतो. आडवी वायर उंच बांधली की लिव्हर थोडासाच दाबून पॅड रिमला लागतात आणि बोटाला दगडासारखं घट्ट लागतं. पण त्या दगडामागे जोर नसतो. रिमवर तेवढाच दाब आणायला बोटं पांढरी होईपर्यंत दाबावं लागतं. वायर खाली आणली की भुजांवरचा कोन पसरट होतो, जोर वाढतो, लिव्हरची चालही वाढते. थोडं मऊ लागेल. ते मऊपण चांगलं आहे, त्यात ब्रेक किती लावायचा हे बोटाला ठरवता येतं.

टायरच्या वर बोटभर-दोन बोटं जागा राहील इतकी खाली आण. त्याहून खाली नको. आणि पुढच्या चाकावर मडगार्ड नसेल तर टायर आणि त्या वायरच्या मध्ये एखादी पट्टी किंवा रिफ्लेक्टरची क्लिप ठेवच. मुख्य केबल तुटली तर ती आडवी वायर टायरवर पडते. टायरला खाचा असतील तर त्यात अडकून चाक जागच्या जागी थांबतं.

अनवट

काका, इथे माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या सरळ हँडलवर व्ही-ब्रेकचे लिव्हर आहेत आणि फ्रेमला रोडचे कॅलिपर. लिव्हर एकदम कडक, चाल अगदी थोडी. ज्याला चालवायला दिली तो म्हणतो, ब्रेक काय सॉलिड आहेत! म्हणजे न जुळणारे भागही चांगले लागू शकतात की.

हातोडी

अनवट, एक करा. मोकळ्या, सपाट, कोरड्या जागी साधारण २० च्या वेगाने या आणि फक्त मागचा ब्रेक दोन बोटांनी दाबा. चाक घसरायला लागतं का ते बघा. मग शेजारी कुणाची रोडची नीट जुळलेली सायकल असेल तर तिच्यावर तेच करा. मग इथे लिहा.

अनवट

करून आलो.

माझ्या सायकलवर दोन बोटांत मागचं चाक घसरलंच नाही. चार बोटांनी पूर्ण जोर लावला तेव्हा कुठे हललं. दुसऱ्या सायकलवर दोन बोटांत लगेच. काकांचं बरोबर आहे. तीन वर्षं मी या सायकलवर उतार उतरतोय. माझे लिव्हर केबल दुप्पट ओढतात म्हणजे जोर निम्मा देतात, हे गणित कधी डोक्यातच आलं नव्हतं.

लिव्हर उघडून बघितले. केबलचं डोकं जिथे अडकतं तिथे दोन जागा आहेत. एक व्ही-ब्रेकसाठी, दुसरी कॅलिपर-कँटिलिव्हरसाठी. आत छोटा ठोकळा सरकवायचा, बस्स. सरकवला. लिव्हर आता आधीपेक्षा मऊ लागतो आणि सायकल जागेवर थांबते. मनापासून आभार.

चढणवेडी

बापरे. अनवट, बरं झालं वेळेत कळलं. सगळ्याच लिव्हरांत अशी सोय नसते ना? मी आत्ताच माझे उघडून बघितले, एकच जागा आहे.

हातोडी

नसते. ज्यात नसते तिथे लिव्हरच बदलावा लागतो.

सावकाश

चर्चा छान चालली आहे. पण भाग एकमेकांशी जुळलेले असूनही मऊ लागतं तेव्हा काय, हे राहिलं. माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा दोष आउटरमध्ये असतो आणि लोक मात्र कॅलिपर बदलतात.

लिव्हर दाबला की आतली केबल ताणली जाते आणि तेवढ्याच जोराने बाहेरचं आउटर दोन्ही टोकांनी चेपलं जातं. आउटर चेपलं तर बोटाची तेवढी मेहनत ब्रेकपर्यंत पोचतच नाही. ब्रेकचं आउटर चपट्या तारेच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं, ५ मिमी जाडीचं. थोडं चेपतं, पण फुटत नाही. गिअरच्या आउटरमध्ये (बहुधा ४ मिमी) बारीक तारा लांबीच्या दिशेने समांतर टाकलेल्या असतात, म्हणून ते जवळजवळ चेपतच नाही आणि प्रत्येक क्लिक नेमका पोचतो.

टोकं कशी कापली आहेत हेही बघा. साध्या पकडीने कापलं की तोंड चेंगरतं आणि तारेचं एक टोक आत वळतं. तसंच आउटरच्या टोकावरच्या टोपीत घातलं की दर वेळी ब्रेक दाबताना ते टोक थोडं बसतं, थोडं उठतं. केबल-कटरने कापायचं, कानशीने तोंड सपाट करायचं, आतली प्लॅस्टिकची नळी दाभणाने गोल उघडायची, मग टोपी. एवढ्यानेच माझ्या एका जुन्या सायकलचा मागचा ब्रेक ओळखू येईनासा झाला होता.

तिसरा_गिअर

मग ब्रेकलाही गिअरचंच आउटर घातलं तर? चेपत नाही म्हणता ना. मी पुढच्या ब्रेकला घालून बघितलं आहे, लिव्हर मस्त टणक लागतो.

हातोडी

तिसरा_गिअर, आज सायकलला हात लावाल तेव्हा आधी ते काढा. पुढच्या फेरीआधी काढा.

गिअरच्या आउटरमधल्या त्या समांतर तारांना फक्त वरच्या प्लॅस्टिकने एकत्र धरलेलं असतं. गिअरच्या केबलवर जोर थोडा असतो, तिथे ते पुरतं. घाबरून करकचून ब्रेक दाबला जातो तेव्हाचा जोर त्याच्या कितीतरी पट असतो. तारा प्लॅस्टिक फाडून झाडूसारख्या बाहेर येतात आणि ब्रेक त्या क्षणी शून्य होतो. रोजच्या हलक्या वापरात काहीच होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. ज्या दिवशी ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते त्याच दिवशी ते फुटतं. मी असं फुटलेलं आउटर हातात घेऊन बघितलं आहे.

न चेपणारं आउटर ब्रेकला हवंच असेल तर खास ब्रेकसाठी बनवलेलं मिळतं. त्यात समांतर तारांवर केव्हलारच्या चिवट धाग्याचं वेटोळं असतं. पाकिटावर "ब्रेक" असं लिहिलेलं असलंच पाहिजे.

तिसरा_गिअर

काढलं. सध्या साधं ब्रेकचं घातलंय. धन्यवाद काका, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

चढणवेडी

केबलवरून आठवलं. माझी सायकल मोठ्या दात्यावर नीट जायची, पण लहान दात्यावर उतरायला वेळ लावायची. ताण जुळवून जुळवून थकले. मग एके दिवशी शिफ्टरचं रबर मागे सारून टॉर्चने आत बघितलं. केबलचं डोकं जिथे बसतं त्याच्या लगेच पुढे तारा उसवल्या होत्या, केसांच्या जटेसारख्या. १.२ मिमीच्या त्या केबलीतल्या निम्म्या तारा तुटलेल्या आणि त्यांची टोकं आतल्या चाकात रुतलेली. सुईने एकेक ओढून काढायला अख्खी दुपार गेली. एक तुकडा आत राहिला होता, तो शिफ्टर उलटा करून टिचकी मारल्यावर हातावर पडला.

तेव्हापासून गिअर अचानक आळशी झाले की आधी तिथे बघते. केबल पूर्ण तुटून डोकं आत अडकलं तर काढणं फार कठीण होतं.

गणिती

"वर नीट जातो, खाली उतरताना आळस करतो" ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठ्या दात्याकडे जाताना केबल आपला अंगठा ओढतो, त्यात जोर भरपूर असतो. लहान दात्याकडे उतरताना फक्त डिरेलरची स्प्रिंग केबल परत खेचते. वाटेत घर्षण असेल तर स्प्रिंग हरते. म्हणून हे लक्षण दिसलं की डिरेलर बदलू नका, केबल आणि आउटर बदला.

घर्षण कुठे आहे हे शोधायची युक्ती: सायकल स्टँडवर घ्या, चेन सगळ्यात मोठ्या दात्यावर न्या, पॅडल थांबवा आणि पॅडल न फिरवता शिफ्टर लहान गिअरपर्यंत सोडत जा. केबल सैल पडेल. फ्रेमवर आउटर टेकवायच्या जागांना फट असेल तर आउटर तिथून अलगद बाहेर येतं. मग एकेक तुकडा बोटांनी केबलीवर मागेपुढे सरकवून बघा. जो अडखळतो तो बदला. बहुतेक वेळा मागच्या चाकाजवळचा वळशाचा शेवटचा तुकडा निघतो. पाणी आणि धूळ तिथेच साचते.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही: सनटूर कंपनीने १९६४ मध्ये तिरक्या चौकटीचा डिरेलर आणला. वरची पुली दात्यांच्या उताराबरोबर खाली-वर जात राहते, चेन आणि दात्यामधलं अंतर जवळपास सारखं राहतं. त्याचं पेटंट १९८४ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी शिमानोने ड्युरा-एस या रोड सेटमध्ये क्लिकवाले गिअर आणले, त्यात ही तिरकी चौकट होती. तोपर्यंत लिव्हर हवा तिथे थांबवायचा आणि खरखर कानाने ऐकून जुळवायचा. तेव्हा आउटर थोडं चेपलं तरी हात सांभाळून घ्यायचा. क्लिक आल्यावर ती मुभा गेली. हल्ली आउटरला एवढं महत्त्व का, ते यात आहे.

अनवट

केबलीला ग्रीस लावायचं की नाही? आमच्याकडे कायम लावत आलो आहोत.

हातोडी

लावायचं. गंज धरत नाही.

सावकाश

काका, इथे मी असहमत. आत प्लॅस्टिकची नळी असलेल्या आजच्या आउटरमध्ये घट्ट ग्रीस घातलं की गिअर जड होतात आणि थंडीत तर जास्तच. त्यात धूळ चिकटून काही महिन्यांत लेप तयार होतो. स्टेनलेसची गुळगुळीत केबल कोरडीच चालवावी, फार तर पातळ तेलाचा एक थेंब.

हातोडी

गिअरच्या केबलीबद्दल मान्य. माझी सवय बिननळीच्या जुन्या आउटरच्या काळातली आहे, तिथे ग्रीस लागायचंच. ब्रेकला आजही मी बोटाने पुसटसा हात फिरवतो, तिथे जोर एवढा असतो की फरक पडत नाही. पण रानवाटच्या गिअरला कोरडीच ठेवा.

तिसरा_गिअर

डिस्क ब्रेकवाल्यांसाठीही कुणी लिहा ना. दुसऱ्या सायकलला केबलवाले डिस्क आहेत, मागचा फारच मऊ आहे.

सावकाश

केबलवाल्या डिस्कला ते केव्हलारवालं न चेपणारं आउटर हा सगळ्यात मोठा फरक पाडणारा बदल आहे. मागच्या ब्रेकला आउटर लांब, वळणं जास्त, म्हणून मागचाच मऊ लागतो.

दुसरं, पॅड झिजल्यावर केबलीचा ॲडजस्टर फिरवून भरपाई करू नका. तसं केलं की कॅलिपरचा हात आधीच अर्धा ओढलेला राहतो आणि त्याची तरफ वाया जाते. केबल सैल न पडेल इतपतच ठेवा आणि कॅलिपरवरच्या पॅडच्या स्क्रूने पॅड जवळ आणा. बीबी७ सारख्या कॅलिपरमध्ये एकच पॅड हलतो, दुसरा स्थिर असतो आणि रोटर (चाकाबरोबर फिरणारी चकती) वाकून त्याला जाऊन टेकतो. स्थिर पॅड जितका जवळ तितका ब्रेक घट्ट. टीआरपी स्पायर या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅड हलतात. आणि इथेही रोड व माउंटनचे कॅलिपर वेगळे असतात, बीबी७ दोन्ही ओढींत येतो, घेताना बघून घ्या.

नवे पॅड घातले की रुळवावे लागतात. धावत्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा सावकाश कमी करत यायचं, चाक बंद न पाडता. पॅडचा थर रोटरवर चढतो तेव्हा खरी पकड येते. रोटरला बोट किंवा चेनचं तेल लागू देऊ नका. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडने तेल प्यायलं असेल तर तो बहुधा वाचत नाही.

हातोडी

तेलाच्या डिस्कबद्दल एकच. लिव्हर मऊ आणि दोन-तीनदा पटापट दाबल्यावर घट्ट होत असेल तर आत हवा आहे, ब्लीड करा (ती हवा बाहेर काढा). कुठलं तेल ते लिव्हरवर नाहीतर पुस्तिकेत वाचून मगच भरा. शिमानो आणि मगुरा मिनरल ऑइलवर चालतात, स्रॅमचे बरेचसे डॉट ब्रेक फ्लुइडवर. चुकीचं भरलं तर आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक जातो.

रानवाट

आठवड्याने परत आले. सगळं इथल्या सांगण्याप्रमाणे केलं, म्हणून क्रमाने लिहिते.

व्ही-ब्रेक काढले, कँटिलिव्हर परत लावले. जुने पॅड हातात घेऊन उजेडात फिरवले तर पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत, नख रुतेना. त्यात रिमच्या ॲल्युमिनियमचे बारीक चकाकणारे कण रुतलेले. सुईने चार-पाच काढले, त्यातला एक तांदळाच्या कणीएवढा होता. रिमवर जी गोल ओरखड्यांची रेघ होती ती त्यानेच पाडलेली. कूल-स्टॉपचे केशरी-गुलाबी रंगाचे पॅड घातले. बसवताना पॅडच्या मागच्या टोकाखाली दुमडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड ठेवलं, म्हणजे पुढचं टोक रिमला आधी लागतं. किंचाळणं बंद झालं.

आडवी वायर खाली आणली. पुढे रिफ्लेक्टरची क्लिप ठेवली आहे, काका. मागच्या ब्रेकला न चेपणारं आउटर घातलं, टोकं कानशीने सपाट केली. लिव्हर आता चालीच्या पहिल्या एक तृतीयांशातच पकडायला लागतो आणि पुढे बोट जेवढं दाबेल तेवढंच मिळतं. काल ओल्या रस्त्यावर सामानासकट उतरले. एका वळणावर समोर गुरं आली. दोन बोटांत वेग कमी झाला, चाक घसरलं नाही. गेल्या वर्षी त्याच वळणावर मी चारही बोटं आवळून देवाचं नाव घेतलं होतं.

९ गिअरचा डिरेलर मिळाला, नवी केबल आणि आउटर कोरडंच घातलं. सात गिअर एका क्लिकमध्ये बसतात. पण मोठ्या दोन दात्यांवर अजून बारीक कुरकुर आहे, ताण कितीही जुळवला तरी.

गणिती

चेन मोजा. कड्यांच्या बारा पूर्ण जोड्या, म्हणजे नव्या चेनवर ३०४.८ मिमी. ९-१० गिअरला ०.७५ टक्के वाढली की बदलायची, म्हणजे तेवढ्या लांबीत साधारण २.३ मिमी. ११-१२ ला ०.५ टक्क्यावरच.

रानवाट

मोजली. एक मिमीपेक्षा कमीच आहे. चेन ठीक.

हातोडी

मग हँगर बघ. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो फ्रेमचा कान. सायकल उजव्या कुशीवर एकदा पडली तरी तो आत वाकतो आणि डोळ्याला दिसत नाही. हँगर सरळ करायचा लांब दांड्याचा गेज असतो. डिरेलर काढून तो त्याच आट्यात बसवायचा आणि रिमवर एकच खूण धरून वर, खाली, पुढे, मागे चार जागी रिम आणि गेजमधलं अंतर मोजायचं. चाक फिरवून तीच खूण गेजपाशी आणायची, म्हणजे रिम डुलत असली तरी माप फसत नाही. चार मिमीच्या आत फरक असेल तर चालतं.

रानवाट

ओळखीच्या एकाकडून गेज आणला. वर आणि खाली यात ९ मिमीचा फरक. पावसाळ्यात सायकल उजवीकडे आडवी झाली होती, तेव्हा फक्त पॅडलला ओरखडा आला म्हणून सोडून दिलं होतं.

स्टीलचा आहे तर वाकवून सरळ करू का?

हातोडी

स्टीलचा असेल तर बिनधास्त कर. गेजच्या दांड्यानेच, हळूहळू, थोडं वाकवून लगेच मोजत. ॲल्युमिनियमचा असता तर एकदा जपून केला असता आणि सुटा मिळणारा असेल तर नवाच घाल म्हटलं असतं, दोन-तीनदा वाकवला की तुटतो.

डिरेलर परत चढवशील तेव्हा त्या शेवटच्या आउटरच्या वळशाची लांबी बघ. डिरेलर पुढे-मागे हलवला तरी वळसा ताणला जाता कामा नये आणि बाहेर फुगलेलाही नको.

रानवाट

२ मिमीवर आणला. वळसा दोन सेंटिमीटर आखूड होता, नवा कापला. आत्ता स्टँडवर नऊच्या नऊ गिअर फिरवले. मोठ्या दात्यावर चढताना आता फक्त एक "टक" ऐकू येतो.

उद्या सकाळी चढावर नेते.